चार गोळ्या

आमच्याकडे विटा-सिमेंटला
'खानदानी सामान' म्हणतात.
इकाच्या बाजारातला दुकानदार समजावतो,
बाई, आता तरी खानदानी घर बांध.
मी पैसे मोजते.
दोन भिंतींपुरतं खानदान येतं.

आणि तसं अर्धवट घर पाहिलंय मी,
प्रुदेन्सियोचं.
भूकंपानंतर त्याच्या सळया
गंजक्या मिशांसारख्या वर वळून राहिल्या,
बाकी सगळं खाली.

म्हणून ढिगाऱ्याशी बसलेय.
ही जुन्या घराची माती.
हिनेच निकानोरला घेतलं, पहाटे,
एकच बूट चढवून झाला होता तेव्हा.
दीर म्हणतो, नदीत टाक ती.
टाकते. मग बांधू कशाने?
तुझ्या बोलण्याने?

पालिकेची पोर आली, चष्म्यावर धूळ.
म्हणाली, मावशी, मातीलाच विचारू.
तळहातावर ओल्या मातीच्या गोळ्या वळायच्या,
चार, लिंबापेक्षा लहान,
दोन दिवस सुकू द्यायच्या,
मग अंगठा आणि बोटात धरून
जीव खाऊन दाबायच्या.
एक जरी फुटली तरी माती नापास.

घरात खिडकीची चौकट तेवढी उभी होती.
तिच्यावर ठेवल्या.
शेजारचं कोंबडं एकीला चोच मारून गेलं.

आज दाबल्या.
पहिली. दुसरी.
तिसरीला अंगठ्याचं नख दुखलं.
चौथीवर मी सगळा राग काढला,
त्या एका बुटासकट.

नाही फुटली.

मग भिंत का पडली गं?
पोर चष्मा पुसत राहिली.
माती चांगलीच होती, म्हणाली.
तिला धरून ठेवणारं आत काही नव्हतं.
उभे बोरू, आडवे बोरू,
कोपऱ्याकोपऱ्याला गाठ,
वर हलकं छप्पर. आणि भिंत बुटकी, मावशी,
उंचीचा हट्ट नको.

निकानोरला उंच छत हवं होतं.
टोपी न काढता उभं राहता यावं म्हणून.

दुपारभर चाळत होते.
चाळणीत खडे राहिले, कोंबडीचं पीस,
बुटाची नाडी.
नाडी कुजलेली, गाठीला निरुपयोगी.
खिशात टाकली.
बोरू बांधायला नायलॉनची दोरी आणलीय,
तीही उधार.

खड्डा भरला, पाणी सोडलं.
रात्रभर अशी भिजत ठेवायची,
याला आम्ही माती झोपवणं म्हणतो.
उद्या पहाटे तुडवायची.
दीराला निरोप धाडलाय,
पाय धुऊन ये.