माशी कुठे शिंकली

नंदुरबारला पौषात दुकान उघडायचं
म्हणजे आधी नाकाला रुमाल.
गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत असते,
एकरच्या एकर लाल,
वारा फिरला की अख्खा स्टेशनरोड शिंकतो.

अशा एका दुपारी सिलास वळवी
धडगावच्या गाडीनं गिटारचा ॲम्प घेऊन आला.
कंडक्टरनं ॲम्पचं अर्धं तिकीट फाडलं होतं.
ते त्यानं आधी दाखवलं,
मग बाजारातल्या अहिराणीत बिघाड सांगितला:
'ताई, आवाज जोडेच पडी जास.'

जवळच पडतो.
इतकी नेमकी तक्रार
आयटीआयच्या दोन वर्षांत मी वाचली नव्हती.

म्हणाला, आधी सीताखाईसारखा होता,
हाक टाकली की परत यायची.
म्हटलं, ते वेगळं. परत आलेली हाक मोजता येते.
हे घुमणं. रिकाम्या हंड्यात तोंड घालून बोल,
कुठे संपलं ते सांग.
तो म्हणाला, आमच्या प्रार्थनाघराच्या भिंती कुडाच्या,
त्या सगळं पिऊन टाकतात.
म्हणून तर हा घेतला.

रिव्हर्बचं बटण दहावर. नुसती फुसफुस.
मागची फळी काढली: पाच स्क्रू,
सहाव्याच्या जागी कुणीतरी खिळा ठोकलेला.
तळाशी रेक्झिनच्या पिशवीत पत्र्याची लांबट पेटी,
पेटीत दोन स्प्रिंगा
आणि बोटभर मिरचीची धूळ.
एवढ्यात मावते ती खोली,
जी सिलासच्या गावानं बांधलेली नाही.

एका टोकाला गिटार स्प्रिंगेला हलवते,
दुसऱ्या टोकाला ते हलणं उचलून घ्यायचं.
मधे कुठेतरी माशी शिंकली.

पेटीला टिचकी मारली.
धड असती तर छप्पर कोसळल्यागत गरजली असती.
काही नाही.
म्हणजे जाणारा रस्ता सोडा, येणारा बघा.
परतीची वायर उपटून टोकाला बोट लावलं,
स्पीकर गुरगुरला,
डोळे न उघडता गुरगुरणाऱ्या कुत्र्यासारखा.
म्हणजे ऐकणारा जागा आहे.
त्याच्यापर्यंत कुणी पोचत नाही, एवढंच.

वायर बदलली. तीच शांतता.
मीटर लावला. अलीकडची कॉइल बोलली.
पलीकडचीला लावला, तर पडद्यावर
डाव्या कडेला नुसता एक. एकटा.

मग भिंग.
केसाहून बारीक तांब्याची तार
टाक्याच्या अगदी मुळाशी तुटलेली,
पण तुटलेलं टोक होतं तिथंच,
जोडलेलं असल्यासारखं.
असं तुटलेलं लवकर सापडत नाही.
थोरल्या बहिणीचा नंबर आठवला,
चार वर्षं मोबाइलमध्ये असाच जागेवर.
आठवलं ते बाजूला ठेवलं.
डाग देताना हात हलून चालत नाही.

ब्लेडच्या टोकानं वार्निश खरवडलं,
श्वास धरला,
मोहरीएवढं कथील.
एकदा चुकलं. तार आणखी आखूड झाली.
सिलास काही बोलला नाही,
फक्त स्टुलावरून उठून उभा राहिला.
दुसऱ्यांदा धरलं.

वायरी लावल्या, बटण विसरले, ते दहावरच.
त्यानं पिशवीची चेन उघडली, गिटार अजून आतच,
आणि वारा फिरला.

मी शिंकले,
टेबलावर हात आपटला,
आणि त्या पेटीतून
दुकानाहून, गल्लीहून मोठं काहीतरी
गडगडत बाहेर आलं.
समोरच्या चहाच्या गाडीवरची माणसं
कप हातात धरून आभाळ बघू लागली.
आभाळ स्वच्छ.

सिलास हसला नाही.
वाकून बटण तीनवर आणलं,
गिटार घेतली, एकच तार छेडली,
आणि तिच्यामागे उभा राहून
ती कुठे संपते ते ऐकत राहिला.
मीही.

दीडशे म्हटले.
त्यानं जरा विचार केला,
मग म्हणाला, जाताना परत याचं अर्धं तिकीट लागेल,
तेवढे कमी करा.
केले.