रकाना सात

कालामात दिवसाढवळ्या रात्र करावी लागते.
खिडक्यांना आतून चंदेरी कागद चिकटवतात,
कोंबडी भाजताना गुंडाळतात तोच,
चकचकीत बाजू बाहेर.
रस्त्यावरून बघावं तर सबंध गल्ली
डोळ्यांवर पट्टी बांधून उन्हात उभी.

मी आरोग्य केंद्राची, नेलिदा आयाविरे.
फाइल, दोन पेनं, पाण्याची बाटली.
बेल वाजवायची नाही, हा नियम माझा मीच केलेला.
दार नखानं खरवडायचं, मांजरासारखं.
बायका लगेच उघडतात.
त्यांचे कान दाराशीच अंथरूण टाकून असतात.

प्रश्न सहा : घरात सिगारेट कोण ओढतं.
प्रश्न सात : गेल्या चोवीस तासांत झोप किती.
सहाव्याला खोटं सांगतात,
सातव्याला हसतात.

"माझी लिहू, की त्याची?" ओर्तेन्सिया विचारते.
त्याची चार तास. तेवढा वेळ तिचा पहारा.
पोरं मैदानावर हाकललेली,
कुत्र्याच्या गळ्यातली घंटी काढून पिठाच्या डब्यात.
मटार सोलायचे तेही कापडावर,
भांड्यात टण्ण वाजतात म्हणून.

तो म्हणजे एवारिस्तो.
तांब्याच्या खाणीत डंपर चालवतो,
ज्याचं चाक त्याच्या दुप्पट उंच.
सात दिवस, मग सात रात्री, मग सात सुट्टीचे.
समोर कॅमेरा आहे, तो फक्त पापण्या बघतो.
मिटून दोन सेकंद झाले की
खालची सीट थरथरते.

"सुट्टीत तरी झोपत असेल?"
"सुट्टीत मी कूस बदलली
तरी ताडकन उठून बसतो.
दोन्ही हात पुढे, स्टिअरिंगवर असावेत तसे.
मग रात्री तीनला फ्रिज उघडून उभा राहतो.
काही घेत नाही. नुसता उजेडात."

हे कुठं लिहू? रकाना बोटभर रुंद.
मी लिहिलं : ४.

शहराबाहेर वळणावर रस्त्याच्या कडेला
मेलेल्यांची छोटी घरं आहेत, बाहुल्यांच्या घरांएवढी.
आत मेणबत्ती, प्लास्टिकची फुलं, एखादी टोपी.
अठरा मोजली मी, बसमधून.
कारण विचारलं की लोक म्हणतात वेग.
म्हणतात टायर. म्हणतात देवाची मर्जी.
फिलोमेना आन्सा एकटीच म्हणाली,
"घर अकरा मिनिटांवर होतं.
अंथरूण घालून ठेवलं होतं मी."
तिच्या मुलाच्या कागदावर 'रस्ता अपघात' लिहिलंय.
झोपेनं कुणी मरत नाही आमच्याकडे,
तो रकानाच नाही.

मार्चमध्ये राजधानीतून एक डॉक्टर आले.
पडद्यावर चित्रं दाखवली :
कोमट दूध, रोज एकच वेळ, मोबाइल दूर,
खोलीत पुरेसा काळोख.
मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं,
काळोखाचं काय घेऊन बसलात डॉक्टर,
तो आम्ही मीटरवर विकत आणतो.
डॉक्टरही हसले. चांगला माणूस.
त्यांच्याही डोळ्यांखाली काळं होतं.

काल पुन्हा ओर्तेन्सियाकडे गेले, सही राहिली होती.
ती म्हणाली बस, चहा टाकते, आवाज न करता.
खुर्चीला उशी होती. चंदेरी कागदाला
टाचणीएवढं भोक होतं, त्यातून
उन्हाचा एक तांदूळ जमिनीवर पडलेला.
पलीकडच्या खोलीत एवारिस्तोचा श्वास.
मी तो मोजत होते बहुतेक.

जाग आली तेव्हा चहावर साय धरलेली,
पेनाला टोपण लावलेलं,
पायांवर कुणाची तरी शाल,
आणि मांडीवरच्या फॉर्मवर, सातव्या रकान्यात,
माझ्या चारच्या खाली, तिच्या अक्षरात :
नेलिदा. पंचवीस मिनिटं.

खोडायला हवं होतं.
सरासरी बिघडते अशानं.
मी तसंच जमा केलं.