तूट

फर्टिलायझरनगरला, जड पाण्याच्या कारखान्यात
बाबा एकतीस वर्षं पाणी लिहीत होते.
मोजणारे वेगळे. श्रीरंग गुप्ते फक्त लिहायचे:
आरंभीची शिल्लक, आवक, जावक, तूट.
दशांशचिन्हापुढे तीन घरं.

दिसायला नळाच्या पाण्यासारखंच, म्हणायचे.
वास नाही, रंग नाही.
एवढंच, की त्याचा बर्फ साध्या पाण्यात बुडतो.
थेंबभरही कधी घरी आणलं नाही.
मी मात्र कितीतरी उन्हाळे
कोकम सरबतात बर्फ टाकून वाट बघितली.
तरंगायचाच.

कुमुदआत्यानं विचारलं, एवढं पाणी जातं कुठे रे?
वीज करायला.
म्हणजे चूल आलीच. मग राखेचं काय करता?
बाबा शेंगांची टरफलं गोळा करत राहिले.
मग म्हणाले, राख निवडणारेही असतात, आक्का,
तू तांदूळ निवडतेस तसे.
फक्त ते खडे ठेवून घेतात.

त्या मे महिन्यात, वाळवंटात जमीन हलली
त्या संध्याकाळी मांडवीत पेढे वाटले.
जशुभाई स्कूटर बंद न करताच
पुडा देऊन गेले.
बाबांनी पाठकोऱ्या कागदावर
आठवतील त्या सालांच्या बेरजा मांडल्या.
जुळल्या.
पुन्हा मांडल्या.
पेढ्यांना सकाळी मुंग्या.

पुढे निवृत्तीत पेपर, चष्मा, पेन्सिल.
कुठल्या तरी थंड गावात परिषद,
शेजारी शेजाऱ्याला पाण्यात बघतोय
आणि म्हणतोय, आधी तू सोड.
बाबा बातमीच्या कडेला बारीक अक्षरात लिहायचे: तूट?

कुठेतरी मुरतंच गं, एकदा म्हणाले.
पाइपात, सांध्यात, माणसात.
मी आपला लिहायचो, बाष्पीभवन.
वाफ कुणाच्या आभाळात गेली
असा रकाना छापलेलाच नव्हता.

दहाव्याला विश्वामित्रीच्या काठी
मीच उभी होते, भाऊ नाही म्हणून.
पलीकडे उन्हात मगर, जबडा उघडा,
कुणाच्या वाटेला न जाता.
ओंजळ भरून दिली गुरुजींनी.
एवढंसं पाणी,
आणि बोटं सैल होईनात.
कुणी पहिल्यांदा सोडायचं असतं
तेव्हा ते इतकं जड असतं का, बाबा?

ताई, सोडा, गुरुजी म्हणाले,
मागे रांग आहे.