जाळी झाकू नको

फोंड्यात मागच्या रस्त्याला माझं साऊंडचं दुकान.
सोळा कॉलम, दोन मिक्सर, एक टेम्पो,
आणि जत्रांच्या मोसमात झोप ही वस्तू
भाड्यानंसुद्धा मिळत नाही.

कान नाटकांवर वाढले.
काळी चारची पेटी, राजाचा खर्ज,
विंगेतून प्रॉम्प्टरची कुजबूज,
पहाटे चारला पहिल्या रांगेचं घोरणं.
आवाज म्हणजे एवढंच, असा माझा समज.

त्या वर्षी दुर्भाटला मिशी हरवली.
राजा रंगून तयार, मिशी नाही.
पडदा खोळंबला, पोरं शिट्ट्या मारायला लागली.
समितीतलं कुणीतरी म्हणालं,
आमच्या प्रजोतला द्या दहा मिनिटं,
तो बोलतो कायतरी जोरात.

चपला पायरीशी काढून तो वर आला.
माझं नाव मानस, म्हणाला.
मन नव्हे हां.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधाचं दार,
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं.
माझा आजा त्या दारात जाळं लावायचा.

आणि माईक धरला, कोंबड्याची मान धरावी तसा,
मूठ थेट जाळीवर.
मी मागून ओरडलो,
जाळी झाकू नको रे, आवाज गुदमरतो!
बोटं खाली सरकली.

बांद फुटलो, शेत खारें जालें,
सय कोणाची? कोणें व्हेलें?

शब्दावर शब्द, शब्दावर शब्द,
टेम्पोत कॉलम रचतो तसे,
दोरी न बांधता, आणि एकही पडत नव्हता.
म्हाळू मास्तरांनी पेटीवरचा हात कानावर ठेवला.
मी बास दोन रेघा वर नेला.
का नेला, ते मास्तरांनी अजून विचारलेलं नाही.

मग तो दुकानात यायला लागला.
मी वायर डागायचो, तो पेन ड्राइव्ह लावायचा.
हा आसामातला, ही मदुराईची,
हा कुठल्या तरी बर्फाच्या गावचा, ऐक.
मी म्हणायचो, मला घंटा कळत नाही.
भाषा सोड, म्हणायचा, श्वास कुठं घेतो ते बघ.
स्वतः घ्यायचा समेच्या अगदी काठावर,
पाय घसरला असं वाटावं तिथं.

ऑगस्टात ताप आला.
बुधवारी माझ्याकडून केबल नेली,
सोमवारी बांबोळीला संपला. डेंग्यू.
पेपरात दोन ओळी, त्यांत वय चुकलेलं.
केबलचे पैसे वहीत तसेच आहेत,
मी ती ओळ खोडत नाही.

परवा आमच्या टेम्पोवरच्या पोरानं मोबाईल पुढे केला,
काका, नवीन आहे, ऐका.
आल्फिया बेपारी, खडपाबांधची,
बापाचं चिकनचं दुकान, हिचं आयटीआयचं शेवटचं वर्ष.
आधी नुसती घरघर, जनरेटरची.
मग कुणीतरी खेकसलं,
जाळी झाकू नको रे, आवाज गुदमरतो!

मी मागे वळून बघितलं.
मागे कोण असणार? शटर.
तो मीच होतो, त्या रात्रीचा.
त्यानं ते टेपून ठेवलं होतं, कुठंतरी सोडलं होतं,
आणि हिनं उचलून दारासारखं लावलं,
त्या दारातून तिचं पाणी आत येत होतं,
तिचं स्वतःचं, उर्दूचा गाळ, कोंकणीचा गाळ,
कोंबड्या, सुऱ्या, सरकारी नळाची वेळ,
भरभर, भरभर, आणि मग
समेच्या काठावर श्वास.

मी डागणी खाली ठेवली.
पुन्हा लाव, म्हटलं.
पोरानं नऊ वेळा लावलं.

काल दुर्भाटची जत्रा.
साडेअकरा वाजले, राजा रंगून तयार,
समितीवाले घामाघूम,
मिशी कुठं गेली, मिशी कुठं गेली?
शोधा सावकाश, मी म्हटलं,
तोवर ही पोरगी बोलेल कायतरी जोरात.

तिनं माईक खालून धरला.
मी बास दोन रेघा वर नेला,
आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभा राहिलो,
आतले केस टोचत होते.