कय्या

दोन महिने झाले,
वामनराव भोयर ट्रॅक्टर उतारावरच उभा करतात.
सकाळी दोन पोरं मागून रेटा लावतात,
दुसऱ्या गिअरात क्लच सुटतो,
नाल्याच्या पुलाआधी इंजिनानं धरलं तर धरलं.

"सेल्फ जुना हाये नंदाबाई,
पण फेकाले मन नाई होत."
मन कसलं, नव्याचा भाव.
मी बोलत नाही.
दोन लांब बोल्ट सोडवते, कव्हर काढते.
आतल्या भिंतीवर कथलाचे थेंब,
गोल फेर धरून थिजलेले.

कोणीतरी चावी दाबून धरली होती फार वेळ.
तापला, फिरत राहिला,
आणि स्वतःचे सांधे
स्वतःच्याच अंगावर शिंपडून बसला.

आता डाग कशानं द्यायचा?

पंचवीस वॅटची पेन्सिल आहे,
पोरगा मोबाईल दुरुस्ती शिकायला नागपूरला होता तेव्हाची.
लावली पहिल्या पट्टीला.
जाड तांब्यानं सगळी ऊब पिऊन टाकली,
कथील वरच्या वर बसलं, मळकट, दाणेदार.
असा सांधा सांधल्यासारखा दिसतो फक्त.
आणि तेवढ्यात लाईट गेली.

रफिकच्या फ्रिजच्या दुकानात गॅसची बत्ती आहे.
तिला घाई फार.
कथील वितळायच्या आत
वॉर्निश जळेल, सुती फीत काळी पडेल,
पट्ट्यांमधलं अभ्रक सुटेल.
सांधा जुळेल, मोटर मरेल.

मग जैतूनबीकडे गेले.
इनायतचाचांचा कय्या तिच्याकडे आहे,
अर्धा किलो तांब्याचं डोकं, लोखंडी दांडा, बाभळीची मूठ.
कंदिलाच्या टाक्या, दुधाच्या कॅना, फवारणीचे पंप,
चाळीस वर्षं या कय्यानं गावाचं गळणं थांबवलं.
आता तो दुधाच्या झाकणावर असतो, मांजरीच्या भीतीनं.

"ने माय," ती म्हणाली.
"पण टोक नोको घासजो.
थे त्यायच्या हातचं हाये."

हो म्हटलं,
आणि वाटेतच कळलं की खोटं बोलले.
काळं पडलेलं तांबं कथील धरत नाही.
घासावंच लागतं, लाल दिसेपर्यंत.

शेगडीत पऱ्हाटी घातली. भसकन पेटली, भसकन गेली.
बाभळीचा कोळसा आणला.
कानस हातात घेऊन बराच वेळ बसले.
टोकाला चार बाजू.
तीन बाजूंवर चाचांच्या कानशीचे आडवे ओरखडे,
जसे होते तसे ठेवले.
चौथी घासली.

निखाऱ्यात ठेवल्यावर वाट पाहायची,
वॅट नाही, काटा नाही.
जाळाची कड हिरवी होते, तेव्हा काढायचा.
नवसागराच्या ढेपेवर घासला की पांढरा धूर,
डोळ्यांत पाणी,
आणि ती एक बाजू चांदीसारखी.

तेजाब नाही लावलं. तेजाब आत बसून वर्षभर तांबं खातं.
राळ लावली.
आर्मेचर तिरपा धरला, तोंड खाली,
कथील वायंडिंगकडे पळू नये म्हणून.
कय्या टेकवला, मनात तीन मोजले.
कथील आपण होऊन आत गेलं,
जसं कोरड्या मातीत पाणी जातं, न विचारता.
एकोणतीस पट्ट्या.
सात वेळा शेगडीकडे, सात वेळा परत.
हात भरून आला. खांदा अजून दुखतो.

दुसऱ्या दिवशी वामनरावांनी चावी फिरवली
आणि पोरं रेटा लावायच्या तयारीतच राहिली.
पैसे दिले. थोडे राहिले आहेत.
ट्रॅक्टर ते अजूनही उतारावरच उभा करतात.
सवय म्हणतात.

कय्या पूर्ण थंड झाल्यावर नेऊन दिला.
जैतूनबीनं तो फिरवून पाहिला,
चमकत्या बाजूवर अंगठा ठेवला,
मग नाकाशी नेला.
नवसागराचा वास होता.

"एकच घासली?"
"एकच."

काही न बोलता
ती बाजू खाली करून
तिनं तो दुधाच्या झाकणावर ठेवला.