आणेवारी

सेलूच्या स्टँडमागं दस्तगीरचं कॅसेटचं दुकान,
आठ बाय दहा. पंखा एकच,
तोही टेपकडं तोंड करून.
तिथं आम्ही गाण्यांना गुण द्यायचो.

वही बियाणे कंपनीची, फुकट मिळालेली,
प्रत्येक पानाखाली टपोरं बोंड छापलेलं.
रकाने मुंजाजीनं आखले: चाल, आवाज, वाद्यं, शब्द,
आणि कडेला एक बारीक, 'इतर'.
इतरमध्ये काय धरायचं
यावर एक अख्खा उन्हाळा गेला.

गुण दहापैकी. पण दहा कुणालाच नाहीत.
"दहावाला अजून जन्मायचाय," दस्तगीर म्हणायचा,
आणि नऊ देणाऱ्याकडून चहा उकळायचा, दंड म्हणून.
मुंजाजी पोस्टात, त्याला पूर्ण आकड्याचं वावडं.
सव्वासहा, पावणेसात करत काटा हलवत राहायचा,
जणू पाकिटाला तिकीट कमी पडेल.
एका कव्वालीला त्यानं सहा आणि एक छटाक दिलेत.
वहीत तसंच आहे.

हरकळ अण्णा, निवृत्त तलाठी,
बाकड्यावर बसून हे सगळं बघायचे.
"लेकरांनो, पीक उभं असताना पक्का आकडा सांगू नये.
आधी नजर आणेवारी, बांधावरून.
मग सुधारित. मग अंतिम.
आणि अंतिम, खरं सांगू का, टेबलावर ठरती."
तेव्हापासून प्रत्येक गाण्यापुढं तीन घरं.
पाचाच्या खाली म्हणजे पन्नास पैशांच्या आत,
मुंजाजी तांबड्या पेनानं लिहायचा: दुष्काळ.
त्या साली लग्नाच्या बँडच्या झाडून सगळ्या कॅसेटी
टंचाईग्रस्त.

मग ते गाणं आलं.
कव्हर पाण्यानं पुसट,
नावातलं 'आणि पार्टी' एवढंच वाचता येत होतं.
मी नजर आणेवारीत दिले साडेनऊ, चहाला तयार होऊन.
दस्तगीरनं साडेतीन.
"असं काय द्यायलास?" मी.
"दुसरं कडवं ऐक," तो म्हणाला,
आणि गिऱ्हाइकाला कोरी कॅसेट काढून दिली.
मुंजाजीनं तांबडा पेन उघडला.

सहा गुणांसाठी दोन महिने बोललो नाही.
मी परभणीहून कॅसेटी आणायचो
आणि पिशवी उगाच वर धरून
दुकानासमोरून जायचो.

आता तिथं मोबाईलचे कव्हर मिळतात.
अण्णा गेले. दस्तगीर निजामाबादला,
जावयाच्या हॉटेलात गल्ल्यावर.
माझी पोरगी गाण्यांना चांदण्या देते, पाचपैकी.
अर्धी चांदणी नसते म्हणाली.
मग मुंजाजीसारख्यानं काय करावं?

परवा मानवत रोडच्या फाटकात अडकलो.
मालगाडी संपता संपेना.
पुढं टरबुजांचा टेम्पो, आणि त्याच्यात
तेच गाणं, कुठून मिळालं कुणास ठाऊक.
पहिलं कडवं. पाठ होतंच.
दुसरं.
ढोलकीवाला बाईला सोडून अर्धी मात्रा पुढं निघतो,
ती बिचारी धापा टाकत त्याला गाठते,
आणि 'ओसरी'तली री राहूनच जाते.
इतकी वर्षं ती री
मीच भरत आलो होतो.

फोन लावला. "साडेतीन," म्हणालो.
कसलं गाणं, कोण बोलतंय, काही नाही.
तिकडं कपबशांचा आवाज, बराच वेळ.
मग म्हणाला,
"पावणेचार कर बे. वय झालं आपलं."

वही घरी कपाटात. अंतिमचं घर अजून कोरं आहे.
फाटक उघडलं, मागचे हॉर्न मारायला लागले.
मला वळायचं होतं सेलूकडं,
पण टेम्पो सरळ निघाला, पाथरीच्या रस्त्याला,
आणि तिसरं कडवं अजून व्हायचं होतं.