घडीवरचं गाव

नकाशा जेवणाच्या टेबलावर मावेना.
इटलीच्या बुटाची टाच कडेवरून खाली लोंबली,
ताझिओनं वर मिठाची बरणी ठेवली.

लोरेदानाला लेच्चे हवं होतं,
पिवळ्या दगडावर संध्याकाळचं ऊन बघायला.
निवेसला समुद्र. कुठला? दोन्ही.
ताझिओला फक्त वायफाय.
मी त्याच्याच दप्तरातलं कर्कटक घेऊन
तासाभराच्या रस्त्याची वर्तुळं काढत बसलो.
रोज बॅगा भरायच्या नाहीत, एवढं नक्की होतं.
एकच खुंटा ठोकायचा,
दावं पुरेल तितकं चरून
रात्री परत.

आई वाटाणे सोलत होती.
"मंगळ, गुरू, शनी," मान वर न करता म्हणाली.

तिच्या डाव्या मनगटाच्या वर
नळीसाठी जोडलेली शीर सतत गुणगुणते.
निवेस लहान असताना
तिथे कान ठेवून झोपायची.

मग वर्तुळं राहिली बाजूला.
मी फोन लावत सुटलो.
लेच्चेत ऑगस्टभर एकही खुर्ची रिकामी नाही.
ओत्रांतोकडच्या बाईनं तीनदा थांबायला लावलं,
तिन्ही वेळा तीच टुणटुण.
एकानं आधी रिपोर्ट पाठवा म्हणून फोनच ठेवला.
शेवटी कुणी एक पुरुष,
मागे रेडिओवर मॅच चाललेली,
म्हणाला, "आजींना खिडकीजवळची चालेल?"

गावाचं नाव मी दोनदा विचारलं.
नकाशात ते नेमकं घडीवर सापडलं,
उघडून मिटून अक्षरं झिजलेली,
एक ठिपका उरलेला, आणि शेवटचा ओ.

"तिथे आहे काय?" लोरेदाना.
तेलाचा घाणा. बुधवारचा बाजार,
बनियन आणि कलिंगडं.
समुद्र दोन्हीकडे पंचवीस मिनिटांवर.
"म्हणजे कुठेच नाही," ताझिओ म्हणाला.
"मधोमध," आई म्हणाली.

दहा दिवस. वहीत मी रेघ मारली:
चार तिचे, सहा आमचे.
तिनं पेन्सिल ओढून घेतली,
रेघेवर गिरगटलं.
"माझ्या दिवशीही जायचं तुम्ही.
चार तास मी नुसती पडून असते,
बाहेरच्या बाकावर तोंडं पाडून बसू नका
कुनेओसारखी.
फिरा, आणि येऊन सांगा.
खोटं नको पण. पाणी घाण असलं
तर घाण होतं म्हणा."

कुणी काही बोललं नाही.
एक वाटाणा घरंगळत
टाचेवरून जमिनीवर गेला.

"खिडकीतून काय दिसतं, विचारलंस?"

नव्हतं विचारलं.
पुन्हा नंबर लावला. तोच माणूस.
त्यानं रिसीव्हर टेबलावर ठेवला,
चपला वाजत लांब गेल्या,
कुणीतरी गोल केला, चपला परत आल्या.
"पार्किंग. एक अंजीर.
आणि माझी गाडी."

मी आईला सांगितलं.
तिचे हात थांबले.
"रंग कुठला?"